क्रांतीची बेदाणेतुला

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. लपवून उपयोग नाही. तासगावात आता ते सगळ्यांना माहीत झालंय, आणि ज्या रीतीने झालं ती रीत मला फारशी आवडलेली नाही.

शाळा मलकापूरला, कराडला लागून. लसीचा दीड महिन्याचा डोस तिकडेच देऊन बायको, स्वप्ना, बाळाला घेऊन माहेरी, तासगावला गेली. मे महिन्याची सुट्टी लागली, निकालपत्रकं भरून झाली आणि मीही एसटीने सासुरवाडीत दाखल झालो. जावई दोन दिवस राहिला तर त्याला श्रीखंड मिळतं. आठ दिवस राहिला तर त्याला दळण आणायला सांगतात. मी पंधरा दिवसांचे कपडे घेऊन गेलो होतो.

मुलगी अडीच महिन्यांची. नाव क्रांती. ते माझ्याच आग्रहाने ठेवलेलं. इतकं लागू पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. सकाळी सहाला तिची पहिली घोषणा व्हायची. स्वप्ना तिला पाजायची, ढेकर काढायची, खाली ठेवायची आणि चहाचा कप उचलायची, की दुसरी घोषणा. दुपारी जरा शांतता. संध्याकाळी पाच ते आठ मात्र सलग आंदोलन, त्यात वाटाघाटींना जागा नाही. मी वहीत रकाने आखून नोंद ठेवली. एका दिवसात चौदा वेळा.

माझ्या सासूबाई आक्काताई तशा मऊ स्वभावाच्या. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालंच.

"दूध पुरंना झालंय पोरीला."

एवढं म्हणायचा अवकाश, शेजारच्या मनुबाई भिंतीपलीकडून हजर. त्या बाहेरच उभ्या होत्या की काय, हे मी विचारलं नाही. त्यांनी एका दमात अळीव, डिंक, शतावरी, मेथीचे लाडू, पातळ केलेलं गाईचं दूध आणि मधाचं बोट एवढे उपाय सांगितले. "आमी तर बिस्कीट कुस्करून द्यायचो," त्या म्हणाल्या. "माझी चार पोरं बगा की. हाय का कुणाला काय?" मी त्यांची चारही मुलं पाहिली आहेत. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

"सिस्टरनी सांगितलंय, सहा महिने फक्त अंगावरचं दूध," स्वप्ना म्हणाली. "मध न्हाई, बिस्कीट न्हाई. पाणीसुदिक न्हाई."

यावर दोघीही तिच्याकडे दयेने बघायला लागल्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त क्रांतीला पदराखाली घेऊन आत गेली, आणि जाताना तिचे खांदे जरा खाली आलेले मला दिसले.

मग आप्पा पुढे झाले. आप्पा म्हणजे माझे सासरे हंबीरराव. चाळीस वर्षं बेदाण्याचा व्यापार. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे शेड. माणूस खरा की खोटा, हे सोडून जगातली प्रत्येक गोष्ट काट्यावर ठरते असं त्यांचं मत आहे, आणि माणसाचंही ठरवता येईल असं त्यांना मनातून वाटतं.

"वाद कशाला घालताय? काट्यावर ठेवा पोरीला. लगी कळंल."

इथे माझा प्रवेश झाला. आयुष्यात पहिल्यांदाच सासुरवाडीत माझ्या विषयातलं काहीतरी निघालं होतं. मी सांगितलं की मोजमाप करायचं तर शास्त्रशुद्ध करायचं. काटा सपाट जागी हवा. वारा नको, पंखा बंद. आणि मुख्य म्हणजे आधी शून्य तपासायचं. मापनातल्या त्रुटी हा धडा मी दरवर्षी जूनमध्ये नववीला शिकवतो, आणि त्यातला 'शून्यांक त्रुटी' हा भाग मी इतका रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात.

दुकानाच्या काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यावर निळं प्लास्टिकचं टोपलं कायम ठेवलेलं, त्यात सुटे बेदाणे मोजायचे. टोपलं त्या वेळी रिकामं होतं. मी वाकलो, डोळा आकड्यांच्या सरळ रेषेत आणला. इलेक्ट्रॉनिक काट्याला त्याची गरज नसते, पण बघणाऱ्यांवर परिणाम होतो. लाल अक्षरांत चार शून्यं स्वच्छ दिसत होती.

"शून्य आहे," मी जाहीर केलं.

"बेस झालं," आप्पा म्हणाले. "टोपल्यात न्हाई मावायची ती, काठ टोचंल." त्यांनी टोपलं उचलून बाजूला ठेवलं आणि दुपटं अंथरून क्रांतीला त्यावर निजवलं. मी तेवढ्यात वहीत तारीख, वार, वेळ आणि खोलीचं अंदाजे तापमान लिहून घेत होतो.

काट्याने चार किलो तीनशे दाखवलं. त्यातून दुपट्याचे शंभर ग्रॅम मी प्रामाणिकपणे वजा केले. चार किलो दोनशे. मग मी लसीकरणाचं कार्ड उघडलं. महिन्यापूर्वीचं, डोसच्या दिवशीचं वजन, चार किलो शंभर.

सबंध महिन्यात फक्त शंभर ग्रॅम. "काट्याफुडं कुणाचं चालत न्हाई," आप्पा हळू आवाजात म्हणाले, आणि स्वप्नाकडे न बघता बाहेर गेले. मनुबाईंनी मात्र स्वप्नाकडे नीट बघून घेतलं.

आता दुसरी अडचण. नात जन्मली त्याच दिवशी आप्पांनी बोलून ठेवलं होतं, की पहिली नात आहे, तिची बेदाणेतुला करायची. आमच्या भागात पुढाऱ्यांची पेढेतुला होते, गूळतुला होते. मग नातीने काय पाप केलंय? एका पारड्यात नात, दुसऱ्यात बेदाणे, आणि ते बेदाणे अंगणवाडीतल्या पोरांना वाटायचे. दिवसही ठरला होता, पुढचा रविवार. साठ माणसांना आवतण गेलेलं, शिऱ्याचा रवा येऊन पडलेला. आणि आता साठ माणसांसमोर पोरगी चार किलोवर थांबणार, या कल्पनेने आप्पांचं जेवण कमी झालं.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. सोमवारी सकाळीच क्रांतीला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते लग्नाला गेले होते, आठवड्याने येणार होते. तिथून आरोग्य उपकेंद्रात गेलो. तिथे बाळांचा खास काटा आहे. तो कपाटात आहे. कपाटाची किल्ली सिस्टरकडे आहे आणि सिस्टर प्रशिक्षणाला गेल्या आहेत. तिथे बसलेल्या गृहस्थांनी माझं कार्ड उलटसुलट करून बघितलं.

"कार्ड मलकापूरचं हाय. हितं नोंद करायची तर तिकडची नोंद काढावी लागंल. ती काढायला बाळ तिकडं न्यावं लागंल."

"मला नोंद नको. वजन हवंय."

"आवं सर, नोंद न करता वजन कसं करायचं?"

किल्ली नसताना ते वजन कसं करणार होते, हे मला घरी आल्यावर सुचलं. मला उत्तरं नेहमी घरी आल्यावरच सुचतात. वाटेत दुसऱ्या दुकानांचे तीन काटे दिसत होते, पण आप्पांनी आधीच बजावलं होतं. चाळीस वर्षांच्या बेदाणा व्यापाऱ्याची नात दुसऱ्याच्या काट्यावर मोजली, हे बाजारात कळलं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मग मलकापूरच्या शिवांजली सिस्टरना फोन लावला. डोस त्यांनीच दिला होता.

"किती वेळा पिते?" त्यांनी विचारलं.

"चौदा वेळा," मी गंभीरपणे सांगितलं.

"छान."

"छान?"

"पोट एवढंसं असतं सर, लगेच रिकामं होतं. मधेच भूक वाढते, संध्याकाळी तर सारखी मागतात. मागेल तेव्हा पाजायचं. लंगोट किती ओले होतात दिवसात?"

मी दोरीकडे बघितलं. "दहा-अकरा."

"आणि खेळते का? टवटवीत आहे?"

"हसते. पाय झाडते. काल माझा चष्मा पाडला."

"मग मला काळजी वाटत नाही. महिन्यात शंभर ग्रॅम जुळत नाही याच्याशी. काटा तपासा तुमचा."

"मॅडम," मी म्हणालो, "काटा मी स्वतः तपासलाय. मी विज्ञान शिकवतो."

"बरं सर. डॉक्टर आले की दाखवून घ्या. त्याआधी सुस्त वाटली, प्यायची कमी झाली, लंगोट कमी झाले, तर मात्र थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. पण उगाच डबा उघडू नका."

डबा मी आधीच आणला होता. पावडरच्या दुधाचा, मोठा, त्यावर माझ्या मुलीच्या दुप्पट गुटगुटीत बाळाचा फोटो. तो मी कपाटावर ठेवला आणि घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता त्याच्याकडे बघू लागलं. स्वप्ना सोडून.

अशात विट्याहून केरबामामा आले. आक्काताईंचे धाकटे भाऊ. कोइमतूरला त्यांचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. लग्नसराईला गावाकडे आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिशात हात घातला आणि एक छोटा काटा बाहेर काढला.

"मिलीपतुर दावतो," ते म्हणाले. "पण तीनशे ग्रॅमच्या वर जात न्हाई."

"मग काय हात-पाय सुटे करून मोजायचे?" मी विचारलं.

केरबामामांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी आक्काताईंकडून एक कोरडा लंगोट मागवला आणि मोजला. मग दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून, क्रांतीचा प्रत्येक ओला लंगोट चिमटीत धरून त्यांनी मोजला आणि आकडे पाकिटाच्या मागे लिहिले. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. सोन्याचा काटा आणि त्यावर लंगोट. मी लाजेने आत जाऊन बसलो. संध्याकाळी त्यांनी बेरीज केली.

"सव्वाचारशे ग्रॅम, नुसतं पानी. दुपट्यावर सांडल्यालं येगळंच. पावनं, आमच्या भट्टीत जे घातलंच न्हाई ते भाईर येत न्हाई. हितं एवढं येतंय, तर आत किती जात असंल?"

"मामा," मी म्हणालो, "हे अप्रत्यक्ष मापन झालं. काट्यावरचं प्रत्यक्ष वजन आपल्याकडे आहे."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "तुमी शिकल्यालं मानूस."

शुक्रवारी मनुबाई आल्या आणि त्यांनी डबा कपाटावरून खाली काढून ओट्यावर ठेवला. पाणीसुद्धा उकळत ठेवलं. आक्काताई काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही, आणि हे लिहिताना मला अजून लाज वाटते. स्वप्ना आतून आली. तिने गॅस बंद केला.

"रविवारी बेदाणेतुला हाय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "त्या दिशी सगळ्यांफुडं कमी भरली, तर डबा मी माझ्या हातानं उघडीन. तवर माझ्या दुधाबद्दल कुणी एक शब्द बोलायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून, "तुमी पण." मी मान हलवली. त्या आठवड्यात माझ्याकडून झालेली ती पहिली उपयोगी गोष्ट.

तुलेसाठी तराजू हवा होता. तालीम मंडळाची लोखंडी तुला होती. ती मागायला गेलो तर तीन प्रतींत अर्ज करा म्हणाले. केला. मग कळलं की ती नव्वद किलोच्या पुढाऱ्यांसाठी बनवलेली; चार किलोच्या बाळाने तिची साखळीसुद्धा हलली नसती. अर्जावर 'वजन कमी असल्याने नामंजूर' असा शेरा मिळाला. तो कागद मी आप्पांना दाखवला नाही.

शेवटी शेडच्या माळ्यावरून आप्पांच्या वडिलांच्या वेळचा दोन पारड्यांचा तराजू निघाला. शनिवारभर मी तो चिंचेने घासला, तेल दिलं आणि शेडच्या लोखंडी पाइपला टांगला. दोन्ही पारडी रिकामी ठेवून बघितलं. काटा बरोबर मधोमध.

रविवारी सकाळी शेडपुढे साठ नव्हे, नव्वद माणसं. वजन कमी भरणार ही बातमी आवतणापेक्षा जास्त घरी पोचली होती. आप्पांनी किलोकिलोच्या चार सीलबंद पिशव्या मांडून ठेवल्या होत्या आणि पाचवी लांब, खुर्चीखाली, गरज पडणार नाही अशा जागी. मी एका पारड्यात दुपटं घातलं, समतोलासाठी दुसऱ्यात तसंच दुसरं घातलं. स्वप्नाने क्रांतीला पारड्यात निजवलं. आक्काताईंनी खाली हात धरून ठेवले, लागणार नाहीत एवढ्या अंतरावर. क्रांती वरच्या पत्र्याकडे बघून हसत होती.

आप्पांनी एक पिशवी ठेवली. दोन. तीन. चौथी ठेवताना त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा क्रांतीचं पारडं होतं तिथेच होतं.

आप्पांनी तराजूला हलकेच बोट लावलं. काही नाही. त्यांनी खुर्चीखालची पाचवी पिशवी काढली आणि ठेवली. क्रांतीचं पारडं जरासं उचललं आणि थांबलं. अजून खालीच.

"तराजू जुना हाय," मनुबाई मोठ्याने म्हणाल्या. "गंजलाय. खोटं दावतोय."

"जावईबापू," आक्काताईंनी हात न हलवता सांगितलं, "सुटं बेदाणं घिऊन या की आतनं. टोपलं भरल्यालं हाय."

मी दुकानात गेलो. काट्यावरून निळं टोपलं उचललं. आणि समोर लाल अक्षरं बदलली. आधी एक आडवी रेघ. मग शून्य, टिंब, सात, शून्य, शून्य.

उणे सातशे ग्रॅम.

टोपलं हातात धरून मी उभा राहिलो. काट्यात टोपल्याचं वजन आधीच वजा करून ठेवलेलं होतं. ते दुकानात तसंच असतं, असायलाच हवं. मी शून्य तपासलं ते टोपलं वर असताना. आप्पांनी टोपलं काढलं तेव्हा मी खोलीचं तापमान लिहीत होतो. दुपट्याचे शंभर ग्रॅम मी वजा केले, आणि माझ्या मुलीचे सातशे ग्रॅम कुणीही न विचारता कापले गेले. शून्यांक त्रुटी. नववी, धडा पहिला.

खरं सांगतो, गप्प बसायचा विचार मनात आला. आत मी एकटाच होतो. बाहेर लोक तराजूला दोष देत होते; दिला असता. पण मागच्या दारातून मला स्वप्ना दिसत होती. मनुबाई 'खोटं' म्हणाल्या तशी ती पारड्याच्या साखळीला धरून उभी राहिली होती, आणि तिने पहिल्यांदाच माझ्याकडे, मी काहीतरी बोलेन अशा आशेने बघितलं. आठवडाभर मी तिला तशी बघू दिली नव्हती.

मी बाहेर आलो आणि जाहीर केलं. "तराजू खरा आहे. खोटं मी बोललो होतो." मग टोपलं, शून्य, उणे सातशे, सगळं सांगितलं. वर्गात सांगतो तसंच, सावकाश, उदाहरणासह. उदाहरण मीच होतो.

नव्वद माणसं एकदम हसली. आप्पा सगळ्यात उशिरा हसायला लागले आणि सगळ्यात उशिरा थांबले. "म्हंजे महिन्यात आटशे ग्रॅम!" ते डोळे पुसत म्हणाले. "आन बेदाण्यातनं घट कापावी तशी मी नातीला कडत्यात काढली की ओ!"

"मी सव्वाचारशे सांगितलं तवा कोन ऐकत हुतं?" केरबामामांनी पाकीट हवेत नाचवलं.

सुट्या बेदाण्याची एक मोठी मूठ पडली आणि काटा मधोमध आला. पाच किलो आणि वर साधारण शंभर ग्रॅम. टाळ्या वाजल्या. त्या आवाजाने क्रांतीने तोंड उघडलं आणि आपली घोषणा दिली. दिवसाची पाचवी.

"भूक लागली तिला," स्वप्ना म्हणाली, आणि सगळ्यांच्या मधून तिला उचलून घरात घेऊन गेली. आक्काताई मागोमाग गेल्या. मी दाराशी होतो म्हणून मला दिसलं. त्यांनी पाठीला उशी लावून दिली, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला, आणि डबा ओट्यावरून उचलून फडताळात सगळ्यात मागे, जुन्या पातेल्यांच्या पलीकडे ठेवला. "चुकलं गं माजं," एवढंच म्हणाल्या. स्वप्नाने मान हलवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी क्रांतीच्या टाळूवर पडलं आणि क्रांतीने पिणं थांबवलं नाही.

बाहेर लोकांनी शिरा खाल्ला. वीस मिनिटांनी स्वप्ना परत आली. क्रांतीचे गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब.

"परत ठिवा की पारड्यात," केरबामामा म्हणाले. "बगू."

दुसऱ्या पारड्यातले बेदाणे तसेच होते. क्रांतीला उचलण्याआधी तराजू मधोमध होता, हे मी स्वतः पुन्हा तपासलं होतं, या खेपेला दोनदा. लंगोटही तोच होता, आक्काताईंनी हात लावून सांगितलं. स्वप्नाने क्रांतीला हळूच निजवलं आणि हात काढले.

पारडं खाली जायला लागलं. घाई न करता, सगळ्यांना दिसेल असं, ते आक्काताईंच्या बोटांना टेकलं.

ते काय खाली गेलं हे समजावून सांगायची गरज नव्हती, मनुबाईंनासुद्धा. आप्पा पारड्याकडे बघत तसेच उभे राहिले, चाळीस वर्षांत प्रथमच काट्यापुढे काय करायचं ते न सुचल्यासारखे.

"बघताय काय, आप्पा?" स्वप्ना म्हणाली. तिचे खांदे आता सरळ होते. "घाला की."

आप्पांनी मूठ भरून बेदाणे टाकले. पारडं जरा हललं आणि थांबलं.

"अजून," स्वप्ना म्हणाली.